सुर्ल्याच्या राखणदाराखाली माझं नाव

दोडामार्ग मागे पडला तशी बसच्या काचेवर तांबडी धूळ बसू लागली. कोल्हापुराहून निघालो होतो ते मोबाइलवरच्या एका खेळासाठी. त्यात खरोखरीच्या जागी जाऊन ती जिंकावी लागते. त्या दुपारी स्पर्धा संपणार होती आणि जागा ज्याच्या ताब्यात असेल त्याचं नाव नकाशावर तिच्याखाली कायमचं राहणार होतं. या वयात हे शोभत नाही, असं बायको म्हणते. तिला जिंकण्याची चव ठाऊक नाही.

गोव्यात डिचोलीला पातळभाजी आणि उंडे (कडक सालीचे गोल पाव) खाऊन सुर्ल्याला उतरलो. थांब्याजवळ चहाच्या दुकानात सुनंदाताई भेटल्या. पंचायतीत नोकरीला आहेत. खेळात माझ्या जुन्या प्रतिस्पर्धी. खेळात नव्या जागा म्हणून त्यांनी देवळाचे, तळीचे फोटो खेळवाल्यांना पाठवले होते, दरवेळी उत्तर आलं की असलं आधीच आहे. मग राखणदाराची (गाव राखणारा देव) घुमटी पाठवली, ती लगेच मंजूर झाली. खेळात तशी दुसरी कुठेच नव्हती. सकाळीच ती जिंकून बाई निर्धास्त बसल्या होत्या. का निर्धास्त, हे मी विचारलं नाही.

गाव बघतो म्हणून सटकलो. काजूंमधून पायवाट होती, घुमटीपाशी चिटपाखरू नव्हतं. जागा अलगद माझी झाली.

परतलो तेव्हा ताई फोनकडे बघत होत्या. त्या रागावल्या नव्हत्या, माझ्यासाठी घाबरल्या होत्या. आधी मला पाणी दिलं.

"राखणदार दनपारां (दुपारी) भोंवता (फिरतो). तेन्ना थंय (तेव्हा तिथे) कोण वचना (जात नाही)."

इथले सगळे खेळाडू हे पाळत होते. मला फार ओशाळल्यासारखं झालं. अजून वेळ आहे, परत घ्या, म्हणालो. त्यांनी स्कूटर काढली, पण काजूंच्या कुंपणाशी थांबवली. ऊन अजून डोक्यावर होतं. मी म्हटलं, फोन द्या, तुमच्या वतीने मी आत जातो.

त्यांनी फोन पदराआड धरला.

"फोन गेलो म्हणजे हांवच (मीच) गेलें."

आम्ही तिथेच उभे राहिलो आणि स्पर्धा संपली.

घरी बायकोने विचारलं, जिंकलात का. हो म्हणालो. नकाशावर ती घुमटी आता सगळ्यांना दिसते. फोटो आणि मजकूर सुनंदाताईंचा आहे, खाली नाव माझं. ते पुसायची सोय खेळात नाही. मी विचारून पाहिलं.