आई, मिरच्या वाळवताना

नागपूरच्या विमानतळावर बाकीची मुलं आईवडिलांच्या पाया पडून आत जात होती आणि आमचे बाबा माझी बॅग उघडून बसले होते. ते शाळेत चित्रकला शिकवायचे. बुद्धमूर्तीशेजारी लावलेलं एक छापील चित्र त्यांनी भिंतीवरून काढून आणलं होतं. जुन्या फ्रेंच चित्रकाराचं, दूरच्या बेटावरचं: लाल जमीन, पिवळी वाळू, केसांत फुलं माळून बसलेल्या दोन बायका. लोणच्याच्या बरणीपुढे ते काही मावेना. शेवटी लोणचं मागे राहिलं, चित्र आलं. त्यावरून आई अजून बाबांना टोमणे मारते.

ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगला आम्ही चौघी विद्यार्थिनी एका फ्लॅटमध्ये राहायचो. सकाळी युनिव्हर्सिटी, दुपारनंतर हॉस्पिटलच्या किचनमध्ये शिफ्ट, सुट्टीला ट्रेनने सिडनीच्या हॅरिस पार्कला जाऊन तिथल्या देशी दुकानांतून पोहे आणि मसाले. चित्र माझ्या पलंगाशी होतं. एकदा फोनवर बाबांना विचारलं, या बायका हसत का नाहीत? ते म्हणाले, "त्या आपल्या घरी आहेत बाई. बघायला आलाय तो बाहेरचा. रंगांचं कौतुक त्याला." मला ते मास्तरी बोलणं वाटलं.

पुढे नोकरी, मग पीआर, म्हणजे तिथेच कायम राहायचा परवाना. घरी जाणं लांबतच गेलं. तुमच्यातले जे माझ्यासारखे घर सोडून गेले, त्यांना हे वेगळं सांगायला नको. एक मात्र मनाशी पक्कं होतं: पाहुणी म्हणून जायचं नाही. पोचल्या पोचल्या ओढणी खोचून कामाला लागायचं.

गेले तेव्हा आई गच्चीवर मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. लहानपणी या कामाचा मला भारी कंटाळा. आता मी दारातच थबकले. लालभडक ढीग, तिची पिवळी साडी, मागे पाण्याची निळी टाकी. तिच्याजवळ बसायचं सोडून मी फोन काढला.

आईने मान वर केली. पूर्वी ओरडली असती, "उभी काय, बस ना इथं." आता तिने हातातली मिरची खाली ठेवली, पदर सारखा केला आणि फोटोला बसतात तशी ताठ बसली.

मी घाईघाईने फोन ठेवून ढिगाशी बसले, तर तिने माझा हात धरला. "राहू दे वं, हाताची आग होईल तुझ्या. मी चहा ठेवते."

फार वाईट वाटलं. आपल्याला बघून कुणी हातातलं काम थांबवत नाही, ते घर. असं घर मलाही होतं.