अप्पांची फ्रेंच मोटार आणि माझं फ्रेंच

"शुभाताई, अप्पा गेले... सुबह चाय मांगी, दोन घोट घेतले, और बस," अप्पांच्या मुलानं, प्रसादनं, फोनवर सांगितलं तेव्हा मी कुकर लावत होते. अप्पा म्हणजे दौलतगंजातले आमचे शेजारी, वडिलांचे मित्र आणि माझे निम्मे वडील. रडू आलंच. पण खोटं कशाला लिहू, रडण्याआधी क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. आता त्यांना ते सांगावं लागणार नव्हतं. त्या क्षणाची लाज पाच आठवडे झाले तरी जात नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

अप्पांकडे प्यूजोची ३०१ होती. दोन महायुद्धांच्या मधली, फ्रान्समधल्या बेताच्या ऐपतीच्या लोकांची गाडी. संस्थानातल्या बड्या मोटारींपुढे ती म्हणजे दरबारातली कारकून, असं अप्पाच म्हणायचे, आणि म्हणूनच तिच्यावर त्यांचा जीव. आजोबांकडून आलेली ती गाडी सगळी त्यांनी स्वतःच्या हातांनी चालती ठेवली होती. दसऱ्याला तिला झेंडूची माळ घालून महाराज बाड्याच्या चौकापर्यंत फेरी व्हायची. मागे प्रसादची आई, म्हणजे काकू, आणि मी, आणि आमच्या मागे टेम्पोवाल्यांचे हॉर्न... "बजाने दो," अप्पा म्हणायचे, "आपल्याला कुठं ऑफिस गाठायचंय?"

मी पुण्याहून दोन वर्षं फ्रेंच शिकून आले आणि आमच्या लष्कर भागात विदुषी ठरले. अप्पा लगेच गाडीबरोबर आलेली फ्रेंच पुस्तिका घेऊन हजर. दर रविवारी मी मराठीत सांगायचे आणि ते एका लांब वहीत उतरवायचे, प्रत्येक कलमाला आकडा घालून. चौथ्या रविवारी इंजिनाच्या हेडचं, म्हणजे वरच्या झाकणाचं, पान आलं. त्यातलं निम्मं मला कळेना. 'येत नाही' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण अप्पा काकूंना हाक मारून म्हणत होते, "बघा, कशी फाडफाड वाचते!" मी मान वर न करता सांगून टाकलं, "सर्व नट पूर्ण ताकदीनं आवळावेत." अप्पांनी लिहून घेतलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांनी हेड उघडलं. परत बसवताना मी शेजारीच उभी होते. पाना धरून ते थबकले. "शुभा, हाथ कहता है, बस्स. पण वही म्हणते पूर्ण ताकद." त्यांच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या दरबारचं दफ्तर सांभाळलेलं, हात चुकेल, लिहिलेलं चुकणार नाही, हे त्यांच्या रक्तातच होतं. तेव्हा तरी बोलायचं! मी म्हटलं, "लिहिलंय तसंच करा." आणि कट्‌ असा आवाज आला. हेडला चीर गेली होती. अप्पा किती तरी वेळ आपल्या तळव्यांकडे बघत राहिले. "बूढ़े हो गए हाथ," एवढंच म्हणाले. गाडीवर ताडपत्री पडली ती कायमची.

पुस्तिका माझ्याकडेच राहिली होती; मधे एकदा फोनवरच्या भाषांतरात त्या पानाचा अर्थ काढून पाहिला. नट थोडे थोडे, आलटून पालटून आवळावेत आणि हाताला अडलं की थांबावं, असं होतं. म्हणजे अप्पांचा हात बरोबर होता. हे कळल्यावर मी धावत जायला हवं होतं. त्याऐवजी पाटणकर बाजारातून येताना त्यांचं दार टाळून पलीकडच्या गल्लीनं येऊ लागले. तीन वर्षं.

गेल्या आठवड्यात प्रसादनं बोलावलं. गाडी इंदूरच्या एका हौशी माणसाला द्यायची ठरली आहे. "ताई, ही वहीपण देतोय सोबत. त्यांना मराठी येत नाही, तू जरा हिंदी करून दे ना. तुझंच तर ट्रान्सलेशन आहे." तो चहा सांगायला आत गेला. मी वही उघडली. हेडचं ते कलम निघालं. खाली लाल शाईत, दफ्तरी वळणाच्या अक्षरात अप्पांचा शेरा होता: 'कलमाप्रमाणे केले. दोष माझ्या हाताचा.'

काकू समोर मटार सोलत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं... न समजलेलं पान, तो कट्‌ आवाज, पलीकडची गल्ली. सोलता सोलता त्यांचे हात थांबले.

"त्यानंतर त्यांनी घरात कशाला हात लावला नाही गं," त्या म्हणाल्या. "पंख्याला तेलसुद्धा प्रसादकडून घालून घ्यायचे. माझ्या हातून बिघडेल, म्हणायचे. तू एक शब्द बोलली असतीस, तर दुसऱ्या दिवशी पाना घेऊन बसले असते."

काकू उठल्या, अप्पांच्या कप्प्यातलं लाल पेन आणून त्यांनी माझ्यापुढे ठेवलं.

"हे असं लिहिलेलं इंदूरला जाणार नाही," त्या म्हणाल्या. "खोड ते. आणि खाली खरं लिही. सही कर."

मी लिहिलं. काकूंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, आणि शाई वाळेपर्यंत वही मिटू दिली नाही.