नावेच्या फळ्यांचा ओटा

जुन्या लाकडावर रंधा फिरला की जो वास उठतो, तो तुम्ही कधी घेतलाय का? थोडा डांबराचा, थोडा शेवाळाचा, आणि उरलेला नुसत्या पाण्याचा! वर्षानुवर्षं गंगेत भिजलेल्या साखूच्या, म्हणजे आपल्या सालवृक्षाच्या, फळ्या आमच्या परसात उतरल्या, त्या सकाळी घरभर हाच वास दरवळला. देवघरातली उदबत्तीसुद्धा त्यापुढे फिकी पडली, आणि मी मेली स्वयंपाक सोडून परसाच्या दारात उभी!

ब्रह्माघाटाजवळच्या गल्लीत आमचं घर. मागचं परस हातभर, तेही उंचसखल दगडांचं. पण त्याच्या टोकाला, दोन घरांच्या फटीतून, गंगेची चिंचोळी पट्टी दिसते. ह्यांना त्या पट्टीचं कौतुक कधीच नव्हतं. कशाला असेल? रोज पहाटे पायऱ्या उतरून साक्षात प्रवाहात बुडी मारणारा हा माणूस. रेल्वेच्या नोकरीतही ड्यूटीच्या वेळा सांभाळून स्नान चुकवलं नाही. पण गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला, हाती वॉकर आला आणि घाट तुटला. तेव्हापासून हे खोलीत, भिंतीकडे तोंड करून. बोलणं म्हणाल तर ‘हं’ आणि ‘नको’. त्या ‘नको’ची मला भीती वाटू लागली होती. धडधाकट मनाचा माणूस असा डोळ्यांदेखत विझत जातोय, आणि आपण नुसतं बघत बसायचं?

म्हणून मी परसात सपाट लाकडी ओटा करायचं ठरवलं. खुर्ची टाकून सकाळी तिथे बसतील, निदान नदी तरी दिसेल. ह्यांना सांगितलं तर तेवढ्यापुरते उसळून म्हणाले, “लांबून काय बघायचं? गंगा म्हणजे काय भिंतीवरचं कॅलेंडर आहे?” मी ऐकते होय! हल्ली घाटावर मोटरच्या नावांचा सुळसुळाट झालाय आणि वल्ह्यांच्या जुन्या नावा पलीकडे रेतीवर मोडीत निघतात. नावा बांधणाऱ्या बद्री मिस्त्रींना गाठलं आणि अशाच एका मोडलेल्या नावेच्या फळ्या घरी आणवल्या.

काय त्या फळ्यांचं रूप वर्णावं! कुठे विटलेला निळा रंग, कुठे गंजलेल्या खिळ्याचा काळा डाग, कुठे वल्हं घासून घासून आलेली रेशमासारखी तुळतुळीत झीज. किती नवऱ्या मुली, किती यात्रेकरू, किती अस्थिकलश या लाकडाने निर्विकारपणे पैलतीरी नेले असतील! आणि एवढं करूनही रंधा फिरताच आतून कसं लालबुंद, ताजं निघालं! मग माणसालाच आपण का म्हणतो, की आता तुम्ही स्वस्थ बसा? मला तर त्या फळ्या बघून उगाचच हुरूप आला. दिवसभर मिस्त्रींना आलं घातलेला चहा पुरवत मी त्यांच्याभोवती घोटाळत राहिले.

वॉकर घसरू नये म्हणून कडेला चार बोटं उंच काठ ठेवा, एवढीच माझी सूचना. मिस्त्रींनी ती मानली. शिवाय प्रत्येक सांध्यात कापूस ठासून वर गरम डांबर ओतलं. मला वाटलं, वा, काय चोख काम! ओटा पुरा झाल्यावर त्यांनी नदीच्या बाजूच्या काठाला शेंदूर लावला, झेंडूची माळ घातली, हात जोडले, आणि घाटावरून बादल्या भरभरून आणून गंगेचं पाणी त्यावर ओतायला लागले.

“अरे भैया, ये क्या कर रहे हो?” मी ओरडले.

“माताजी, नई नाव को पहिले पानी पिलाते हैं। लकड़ी फूलेगी, तब न जोड़ बैठेगा।”

“नाव कहाँ है ये? बैठने का ओटा है ओटा!”

मिस्त्री थांबले, ओट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “अब हमको तो यही बनाना आता है, माताजी।”

मी कपाळावर हात मारला. खरंच की! जन्मभर पाणी अडवणाऱ्या हातांनी इथेही पाणीच अडवलं होतं, फक्त आतल्या बाजूने. घोटाभर पाणी तुडुंब साचलं होतं आणि एक थेंब गळेल तर शपथ! माझी बडबड सुरू झाली. आता इथे खुर्ची कशी मांडायची? भोकं पाडा आधी, जागोजाग पाडा!

तेवढ्यात वॉकरची ठकठक ऐकू आली. आरडाओरडा ऐकून हे दारात आले होते. पाण्याकडे बघत राहिले. “कुठलं पाणी?” इतक्या दिवसांत ह्यांनी आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न.

“गंगाजी का, बाबूजी,” मिस्त्री म्हणाले.

ह्यांनी धोतर वर खोचलं. मी एका बाजूने धरलं, मिस्त्रींनी दुसऱ्या. उंबऱ्याखाली एक पाऊल गेलं, मग दुसरं. काठाला धरून हे बसलेच पाण्यात, धोतरासकट! ओंजळ भरली, डोक्यावर घेतली आणि स्नानाचा संकल्प अशा खणखणीत आवाजात म्हणाले, की शेजारची खिडकी उघडली. मला हसू आवरेना आणि रडूही. मिस्त्रींनी भोकं पाडायला हाती घेतलेलं गिरमिट गुपचूप पिशवीत टाकलं.

पुढे एकच भोक पाडलं, लाकडी बुचाचं, तेही ह्यांच्या परवानगीने. रोज पहाटे मी ओटा भरते. पाणी नळाचं, त्यात गडूभर गंगा. ह्यांना ते ठाऊक आहे, आणि चालतं. पूर्णत्वाचा हट्ट सोडला की थोडक्यातही केवढं मावतं, नाही? मात्र एक नवाच ताप झालाय. पोहे गार होतात, मी दारातून हाका मारून दमते, आणि आतून-बाहेरून चिंब झालेला हा माणूस ऊन अंगावर येईपर्यंत मला एकच शब्द ऐकवतो, “नको!”