पाकिटात न मावणारा घड

आमचे नवे पाळक मनाने फार चांगले, पण त्यांना एक खोड होती. कुणाला त्रास म्हणून द्यायचा नाही. जळगावच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये रविवारी पुढची बाकं रिकामी आणि मागची अर्धीच भरलेली. मंडळी का येत नाहीत, तर बिचारी आठवडाभर राबून दमतात, असं त्यांनी ठरवून टाकलं. मग खुर्च्या लावायला मंडपवाला, गीतं स्पीकरवर वाजवलेली आणि चहा हॉटेलातून. "तुम्ही फक्त या," म्हणायचे. आम्ही पाहुणे झालो, आणि पाहुणा काही दर रविवारी येत नसतो. मी महिला मंडळाची सेक्रेटरी. मला हे दिसत होतं, बोललेही. पण पालथ्या घड्यावर पाणी.

त्यात धुळ्याहून निरोप आला. तिथले ज्येष्ठ पाळक हंगामाच्या सणाला येऊन बघणार. मंडळी अशीच तुरळक राहिली तर आमच्या पाळकांची बदली, आणि आम्हाला उपासना महिन्यातून एकदा. पाळकांच्या बाईंनी तर पुस्तकं खोक्यांत भरून सुतळीने बांधूनही ठेवली. त्यांच्या मुलीला नुकती कुठे इथली शाळा आवडू लागली होती. मला त्या खोक्यांकडे बघवत नसे.

या सणाला आमच्यात जो तो शेतातलं, घरचं काही ना काही आणतो आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. पाळकांनी आमचा तोही त्रास वाचवला. मोबाईलवर निरोप आला, "वस्तू आणू नका, पाकिटातून दान द्या." मी कपाळावर हात मारून घेतला.

सणाच्या सकाळी ज्येष्ठ पाळक पहिल्या बाकावर, मागे आम्ही मोजकी माणसं. तेवढ्यात चोपड्याच्या एसटीने आमच्या मंडळीतल्या एक म्हाताऱ्या अक्का आल्या. डोक्यावर केळीचा घड, काखेत कोंबडी. मोबाईल त्यांच्याकडे नव्हताच. घड थेट वेदीपुढे टेकवून त्यांनी मागच्या रिकाम्या बाकांकडे पाहिलं. "बठ्ठा कोठे गयात?"

पाळकांनी हळूच पाकिटाचं सांगितलं. अक्का भडकल्याच. "पाकिटमा केळीना घड कसा टाकू?"

मला हसूही आलं आणि बळही. बाहेर जाऊन मी भाऊंना फोन लावला. भाऊ म्हणजे रेल्वेतले निवृत्त गार्ड; लिलाव दरवर्षी तेच पुकारायचे, आणि यंदा लिलाव नाही म्हणून रुसून घरी बसले होते. "भाऊ, अक्का घड घेऊन आल्यात. पुकारणार कोण?"

"आलोच. उपासना लांबवा," म्हणाले, आणि बाकीच्यांना त्यांनीच फोन फिरवले.

आम्ही स्पीकर बंद केला आणि गीतामागून गीत म्हणत राहिलो. एकेक जण येऊ लागला. कुणी लोणच्याची बरणी आणली, कुणी कुरडया, कुणी कुंडीतल्या मिरच्या. भाऊंनी आवाज लावला आणि चर्च दणाणलं. एका गृहस्थांनी ईर्षेला पेटून स्वतःच्या बायकोचंच लोणचं भलत्या भावाने घेतलं. बायको तिथल्या तिथे कडाडली. कोंबडी धरायचं काम अक्कांनी आमच्या पाळकांना दिलं. त्यांच्या पांढऱ्या झग्याची दशा झाली, तरी ते हसत होते. आणि ती कोंबडी बोली चढवत चढवत घेतली कुणी, तर धुळ्याच्या ज्येष्ठ पाळकांनी.

शेवटी आमचे पाळक चाचरत म्हणाले, "पुढच्या रविवारी चहा कोण करील?" पहिल्यांदाच ते आमच्याकडे काहीतरी मागत होते. भराभर हात वर झाले. माझा जीव भांड्यात पडला.

कोंबडी धुळ्याला न्यायची तर खोकं हवं, म्हणून ज्येष्ठ पाळक शेजारीच पाळकांच्या घरी आले. ओसरीतली बांधलेली खोकी बघून जरा थांबले.

"पुस्तकं परत कपाटात लावा," ते बाईंना म्हणाले, "आणि यातलं एक खोकं मला द्या."

बाई गाठ सोडू लागल्या, ती सुटेना. मी सुतळी दातांनी तोडली.