दोन बोटं फेस

स्मृति नगरात आमच्या समोर राहणारे काका स्टील प्लांटमधून निवृत्त झाले. वितळलेलं पोलाद साच्यात ओतायचं, हे त्यांचं काम. बिअरही ते तशीच ओततात. दर रविवारी जेवणाआधी मी त्यांच्या गच्चीवर जातो. मला गव्हाची बिअर आवडते, त्यांना साधी, हलकी लागर. एकदा मी स्ट्राँग नेली, तर म्हणाले, "ही चवीची नाही, झोपेची हाय."

ग्लास गार पाण्यानं विसळायचा, फडक्यानं पुसायचा नाही, तिरपा धरायचा आणि वर फेस बरोबर दोन बोटं. मी माझा ग्लास भरायला लागलो की त्यांची मान हलते. "घाई कावून करून राहिला? धार तुटू देऊ नको." इतक्या वर्षांत माझं ओतणं त्यांना एकदाही पसंत पडलेलं नाही. स्वतःच्या ग्लासाला तर ते कोणाला हातही लावू देत नाहीत.

गेल्या रविवारी त्यांनी बाटली उचलली. तिचं तोंड ग्लासाच्या काठावर दोनदा वाजलं. त्यांनी ती खाली ठेवली आणि माझ्याकडे सरकवली.

"आज तूच ओतून दे मले."

मी जपून ओतली. तरी फेस चढला, काठावरून उतरला आणि टेबलभर पसरला. काका रस्त्यापलीकडच्या गुलमोहराकडे बघत होते. मग दोन्ही हातांनी ग्लास उचलून त्यांनी एक घोट घेतला.

"मस्त ओतली," ते म्हणाले.

मी ओरडा खायची वाट बघत बसून राहिलो.