समुद्राची नळी

मोसुकेकाकावर माझी नजर होती, आणि उगाच नव्हती.

आमचं देऊळ अख्ख्या प्रांतात पहिल्या मानाचं. पलीकडच्या खोऱ्यातलेही स्वतःला पहिले म्हणवतात. म्हणवू देत, त्यांची पेज बघायला कोण जातं? आमच्याकडे मात्र वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला सगळ्या बंदरांचे नाववाले सकाळीच अंगणात येऊन बसतात. देवाच्या पेजेत वेळूच्या नळ्या शिजवायच्या. एकेक नळी एकेका पिकाची, आणि एक समुद्राची. मग पुजाऱ्यांनी त्या सर्वांसमोर चिरायच्या. आत शितं भरलेली निघाली तर वर्ष चांगलं. समुद्राची रिकामी निघाली की कान्झाबुरोशेठ आपल्या नावा लांब उत्तरेला सोडतच नाही.

ही पेज शिजवायचा मान मोसुकेकाकाच्या घराण्याचा. काका देवळामागच्या खोपटात एकटाच राहतो. कुणाशी धड बोलत नाही. कुणी त्याच्या ओट्यावर टेकलं की झाडू घेऊन उठतो. पूर्वी असा नव्हता. त्याचा पोरगा शिंता शेठच्या नावेवर उत्तरेला गेला तो परत आलाच नाही, आणि त्यानंतर समुद्राची नळी दरवर्षी रिकामी! मुळा भरतो, भात भरतो, समुद्र तेवढा कोरडा. हा म्हातारा शेठवर सूड उगवतोय, असं मी उघड म्हणत होते.

"ओतोकी, देवाच्या कामात कसला संशय घेतेस गं?" बायका म्हणायच्या.

घेणारच! माझा पोरगा सेइजि शेठच्या नव्या नावेवर जायला टपून बसला होता. माझा नवरा गेलेला. किनाऱ्याजवळच्या तारल्यांवर आम्ही दोघांनी किती दिवस काढायचे?

म्हणून यंदा मी हट्टाने चुलीपाशी लाकडं सारायचं काम मागून घेतलं.

"तू कशाला कडमडलीस इथं?" काका म्हणाला.

"थंडी वाजतेय, काका."

"मग घरी जाऊन पांघरूण घे."

मी हलले नाही. त्याने झाकण काढलं, वाफेचा लोट उठला. एकेक नळी काढून तो तबकात ठेवत होता. शेवटची समुद्राची. तिच्या तोंडाशी त्याची दोन बोटं गेली आणि हात बाहीत शिरला. मी झडप घालून मनगटच धरलं. शितं आत शिरू नयेत म्हणून नळीच्या तोंडात कोंबलेला काथ्याचा ओला, गरम बोळा माझ्या तळहातावर पडला.

"सापडलास! शेठवरचा राग आमच्या पोरांवर काढतोस? लाज नाही वाटत?"

त्याने हात सोडवूनही घेतला नाही.

"कसला राग?" त्याचा आवाज चिरकला. "शिंता गेला त्या वर्षी ही नळी गच्च भरली होती गं. मीच अंगणात जाऊन ओरडलो, समुद्र भरला म्हणून. पोरगं नाचलं. त्याच महिन्यात नावेवर चढलं." मग म्हणाला, "ओरड आता. अख्खा प्रांत बाहेर बसलाय."

खरं की खोटं, देव जाणे. मला अजूनही त्याचा पुरता भरवसा नाही.

"काय झालं?" पडदा सारून कान्झाबुरोशेठ आत डोकावला. "वहिनी, काय सापडलं?"

त्याच्या मागे माझा सेइजि मान उंच करून बघत होता. डोळे नुसते चमकत होते त्याचे. मी एक शब्द बोलले असते तर देवळाचा मान गेला असता आणि पोरगा नावेवर चढला असता. मी बोळा मुठीत दाबला.

"काही नाही, शेठ. कचरा आहे," मी म्हटलं आणि बोळा चुलीत टाकला.

पुजाऱ्यांनी नळी चिरली. रिकामी निघाली. सेइजि कुणाशी न बोलता कमानीखालून निघून गेला.

तेव्हापासून मी काकाकडे बघायचे ना, तसा सेइजि माझ्याकडे बघतो. माझ्या हाताकडे, बाहीकडे. काल जेवताना म्हणाला, "आई, खरं सांग. चुलीत काय टाकलंस तू?"

"तारली गार होतेय. जेव आधी."

"तू त्या म्हाताऱ्याला सामील आहेस."

त्याने रागारागाने वाडगा संपवला आणि माझ्याकडे न बघताच पुढे केला. मी भात वाढला.