नापास झालेले मामा

"मागं कोण हाय?"

पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसचं बटण दाबण्याआधी आमच्या कारखान्यातले जुने ऑपरेटर, सगळ्यांचे मामा, ही हाक मारायचे आणि उत्तरासाठी थांबायचे. मागे कुणी नाही हे दिसत असलं तरी. पार्किंगमध्ये मोटरसायकलला किक मारतानाही त्यांच्या तोंडून तेच निघायचं. आम्ही हसायचो.

"हसा. प्रेसला हसू येत न्हाई," ते म्हणायचे.

नगरच्या एमआयडीसीत मी ट्रेनिंग विभागात लागलो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, पण यंत्रातलं काही कळत नव्हतं. मामांनी आठवडाभर शेजारी उभं करून शिकवलं. "ग्रॅज्वेट, वही खिशात ठिव. कान इकडं दे."

त्यांच्याच बोलण्यावरून मी मोबाईलवरचा कोर्स बनवला. मामांचे व्हिडिओ, छोटे छोटे धडे, शेवटी परीक्षा. आमचे साहेब कामगारांच्या ऑनलाइन शिक्षणातल्या नव्या ट्रेंडवर ब्लॉग चालवतात, तुम्ही तो दर सोमवारी वाचता. साहेबांनी व्हिडिओतली हाक मात्र कापायला लावली. "आरडाओरडा प्रोफेशनल वाटत नाही."

परीक्षेला मामाही बसले. प्रश्न होता, प्रेस सुरू करण्याआधी पहिलं काम कोणतं? खाली चार पर्याय, हाक मारणं त्यांत नव्हतं.

"ग्रॅज्वेट, माझं उत्तर कुठंय ह्यात?"

"मामा, दुसऱ्यावर टिक करा. सुटाल."

"म्हंजे मी खोटं सांगू?"

परीक्षेला तीन संधी होत्या, तिन्ही वेळा त्यांनी तो प्रश्न रिकामा सोडला. सुरक्षेच्या प्रश्नांत एकही चूक चालत नव्हती. ॲपने त्यांना नापास केलं आणि साहेबांनी प्रेसवरून काढून पॅकिंगला बसवलं.

त्यात भर म्हणून साहेबांच्या ब्लॉगवर लेख आला, 'जुने कामगार मोबाईलपुढे का हरतात?' सोबत चष्मा कपाळावर सारून फोनकडे बघणाऱ्या मामांचा फोटो. नाव साहेबांचं, शब्द माझे. त्यांचा ब्लॉग मीच लिहितो. चांगला जमला म्हणून तो लेख मी आईलाही वाचून दाखवला होता.

फिरत फिरत तो मामांच्या गावच्या, काष्टीच्या ग्रुपवर पोचला. दुसऱ्या दिवशी मामा माझ्या टेबलाशी आले.

"लई भारी लिव्हलंस. नातीनं वाचून दाखवलं. इचारत हुती, आजोबा, तुमी खरंच नापास झाले?"

महिनाअखेरीस त्यांनी काम सोडलं. पुढे प्रेसवर नव्या मुलांना जमेना, तेव्हा साहेबांनी मला त्यांना फोन करायला लावला. "इचारा की त्या मोबाईललाच," मामा म्हणाले. त्यानंतर त्यांनी माझा फोन कधी उचलला नाही.

आज साहेब पुण्यात आहेत. अकरा वाजता बाहेरच्या कंपन्यांच्या ट्रेनिंगवाल्यांपुढे मोठ्या पडद्यावर तो गाजलेला लेख उघडणार आहेत. ब्लॉगचा पासवर्ड माझ्याकडे असतो. जुना मजकूर मी पुसला आणि त्या जागी हा लिहिला. फोटो तसाच ठेवला. नोकरी जाईल, हे आईला कालच सांगून ठेवलं आहे.

साहेब, ती हाक तुम्ही का कापायला लावलीत, हेही लोकांना कळू द्या. खाली न कापलेला व्हिडिओ लावला आहे. प्रेसच्या मागे, जिथे कुणी उभं राहायचं नसतं, तिथे तुम्ही उभे आहात. मामा तीनदा विचारतात. तुम्ही उत्तर देत नाही. मामा बटणावरचा हात काढून मागे जातात आणि मनगट धरून तुम्हाला बाहेर आणतात. तुमची नजर तेव्हाही फोनमध्येच आहे.